तीन डबे आणि दोन जावा

सांत्वनाला गेलेल्या घरात टाळी वाजवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा घरमालक होता.

शहाद्यातल्या एका ओळखीच्या घरी वडील गेले होते. आम्ही खाली सतरंजीवर बसलो होतो. घर नवं होतं, भिंती गुळगुळीत, फरशी चकाचक. नाना दोन मिनिटं मान खाली घालून बसले. मग त्यांनी हळूच, पण नीट ऐकू येईल अशी एक टाळी वाजवली आणि छताकडे बघत राहिले. सगळं घर आमच्याकडे बघायला लागलं. नाना गेलेल्या माणसाच्या मुलाकडे वळून अगदी कळवळ्यानं म्हणाले, "भाऊ, हॉल लई घुमी ऱ्हायना. रडानं बी दोनदा ऐकू येस. जाड पडदा लावा."

घरी परतताना मी रिक्षात त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. ते रिक्षाच्या इंजिनाचा सूर कुठला, ते शोधत होते.

लोणखेड्याच्या कॉलेजात मी ग्रंथपाल म्हणून लागले तेव्हा माडीवरची खोली मला नानांनी दिली. पहिल्या दिवशी त्यांनी माझं गाव विचारलं नाही, जात विचारली नाही, किती दिवस राहणार तेही विचारलं नाही. मी चार वाक्यं बोलल्यावर म्हणाले, "म्याडम, तुमना आवाज नाकमा बसेल शे. खोली घ्या, पन जिनामा उभं ऱ्हाईसन बोलू नका. जिना नाकना आवाज वाढावस." मी नाशिककडची. अहिराणी तेव्हा मला अर्धीच कळायची. जी अर्धी कळली त्यावरूनच हा माणूस सरळ नाही हे लक्षात आलं.

नाना साखर कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते. निवृत्तीनंतर घरामागची कापूस साठवायची खोली त्यांनी रिकामी केली, भिंतींना जुन्या गाद्या आणि कापसाची पोती ठोकली आणि तिथे रेकॉर्डिंग सुरू केलं. अहिराणी गाणी मोबाइलवर टाकणारी पोरं यायची, लग्नात वाजवणारे यायचे, निवडणुकीत उमेदवार यायचे. एकदा सरपंचपदाचा उमेदवार मी हे करीन, मी ते करीन असं तावातावानं बोलत होता. नानांनी तीनदा थांबवलं. चौथ्यांदा म्हणाले, "दादा, खरं बोलतस तवय तुमना श्वास बरोबर ऱ्हास. रस्तानी गोट उनी का तुटस. रस्तानं वाक्य काढी टाका." त्यानं काढलं नाही. नानांनीही ते तुटक्या श्वासासकट तसंच ठेवलं, आणि आठवडाभर रिक्षावरून गावाला ऐकू आलं.

खोलीच्या दारावर एक पाटी होती. खडूनं लिहिलेली: "आत गळा चालू शे." ही पाटी लागली की घरातले पंखे बंद, मिक्सर बंद, कुकर तर बिलकुल नाही. बऱ्याचदा आत नाना एकटेच गादीला टेकून झोपलेले असायचे, पण पाटी लागलेली असायची. काकू, म्हणजे त्यांची बायको, हे पुरतं ओळखून होती. ती ओट्यावरून ओरडायची, "गळा चालू शे का घोरनं चालू शे?"

माझं दूध सारखं नासायचं. तीन महिने मी डेअरीवाल्याशी भांडले. मग एके दिवशी नानांच्या खोलीत मला एक बटण दिसलं. त्याच्यावर चिकटपट्टी लावून 'म्याडम' असं लिहिलं होतं. ते दाबलं की माडीवरचा माझा फ्रिज बंद. कारखान्यातला माणूस, त्याला वायर ओढायला काय लागतं? मी जाब विचारला तर ते खरंच दुखावले. "तुमना फ्रिज गानामा बोंबलस, म्याडम. गानावालाले काय सांगू?"

पण नानांचा खरा जीव होता तो तीन डब्यांत. ऑडिओ इंटरफेस म्हणतात त्यांना. माइकमधून आलेला आवाज संगणकाला समजेल असा करून देणारा डबा. एका डब्याला दोन माइक लागायचे. नानांकडे असे तीन होते, तिन्ही वेगळ्या वेळी, वेगळ्या जागेहून आणलेले, तिन्ही वेगळ्या तोंडवळ्याचे. त्यांची नावं होती थोरला, मधला आणि धाकला. मी एकदा विचारलं, एकच मोठा आठ माइकांचा का घेत नाही? नाना म्हणाले, "एक मोठा बिघडना तं बठ्ठं बंद. तीन शेतस तं एक बिघडना तरी दोन चालतस. कारखानामा पंप बी असाच ऱ्हातस."

तीन डबे एका संगणकाला जोडणं सोपं. संगणकाला सांगायचं, बाबा रे, हा एकच डबा समज. अवघड पुढे आहे. प्रत्येक डब्याच्या पोटात स्वतःचं एक घड्याळ असतं. त्या घड्याळाच्या टिकटिकीवर तो आवाजाचे बारीक बारीक तुकडे करतो. तीन घड्याळं कधीच अगदी सारखी चालत नाहीत. म्हणून नाना थोरल्यातून एक तार मधल्यात आणि मधल्यातून एक तार धाकल्यात जोडायचे. त्या तारेवरून थोरला वेळ सांगायचा आणि बाकीचे दोघं आपलं घड्याळ विसरून त्याच्या मागे चालायचे. नाना ही तार जोडायचे तेव्हा त्यांचा चेहरा घरात वाटणी न होता भाऊ एकत्र राहिल्यासारखा प्रसन्न व्हायचा.

या तारेनं एकदा गल्लीत उत्पात घडवला.

आमच्या गल्लीत दोन जावा समोरासमोर राहायच्या. सख्ख्या भावांच्या बायका, दोघी सत्तरीच्या घरातल्या, दोघी विधवा. श्रावणात कानबाई, म्हणजे खानदेशातली देवी, घरात बसते तेव्हा म्हणायचं एक लांबलचक गाणं या दोघींनाच पूर्ण येत होतं. सवाल-जवाबाचं गाणं. थोरली विचारायची, धाकटी उत्तर द्यायची, बाकीच्या बायका धरून न्यायच्या. अकरा वर्षांपूर्वी एका कानबाईला थोरलीचं कडवं संपायच्या आधीच धाकटीनं उत्तर सुरू केलं. थोरली म्हणाली, हिनं माझं कडवं तोडलं. धाकटी म्हणाली, तिचंच लांबलं. तेव्हापासून बोलणं बंद. गाणंही बंद.

मी ग्रंथालयासाठी गाणी उतरवून घेत होते. थोरलीचे सवाल मी वहीत घेतले, धाकटीचे जवाब वेगळ्या दिवशी घेतले. शब्द वहीत बसले, चाल बसेना. अशात थोरलीच्या गळ्याशी गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन ठरलं. मी भेटायला गेले तर ती सुपात गहू घेऊन बसली होती. शांतपणे म्हणाली, "डॉक्टर म्हनस, आवाज ऱ्हाई बी, नही बी." आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

मी जवळजवळ धावतच नानांकडे आले.

नानांनी आधी थोरलीला एकटीला बोलावलं. तिनं दोन कडवी म्हटली आणि तिसऱ्याला अडकली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच. शेवटी चिडून म्हणाली, "तिन्हा जवाब कानवर पडाले पाहिजे. मंगच मले मोरलं सुचस." मग धाकटीला एकटीला बोलावलं. तिचंही तेच. समोरून सवाल आल्याशिवाय तिला जवाब आठवेना. म्हणजे दोघी एकत्र हव्यात, आणि एकाच वेळी गायला हव्यात.

नाना दुपारी धाकटीकडे गेले आणि म्हणाले, "थोरली म्हनस, धाकलीले आते जमनार नही." मग गल्ली ओलांडून थोरलीकडे गेले आणि म्हणाले, "धाकली म्हनस, थोरलीना दम गया." संध्याकाळच्या आत दोघींनी होकार दिला.

ठरल्या दिवशी सकाळी अकराला सगळ्या जमल्या. दोघी जावा आणि धरून म्हणणाऱ्या सहा बायका. दोघी पाठीला पाठ करून बसल्या. थोरलीचा माइक थोरल्या डब्यात लागला. नाना धाकटीचाही त्याच डब्यात लावायला गेले. तिनं हात धरला.

"थोरलीनी तार ज्या डब्बामा शे, त्या डब्बामा मन्ही नको."

"बरं, माय," नाना म्हणाले. त्यांनी तिची तार धाकल्या डब्याला लावली आणि सहा जणींचे दोन माइक मधल्याला. मला वाटलं, निभावलं. तेवढ्यात धाकटीची नजर डब्याडब्यांतून जाणाऱ्या त्या तारेवर गेली.

"आनि ही कसाले?"

जगात इतकी उत्तरं होती. नानांनी नेमकं खरं सांगितलं. "थोरला वेळ सांगस, धाकला तेन्हं ऐकीसन चालस."

थोरलीनं पाठमोरीच मान हलवली, अगदी समाधानानं. धाकटी उठून उभी राहिली.

"मी तिन्हं ऐकीसन चालू? काढ ती तार. नही तं मी चालनी घर."

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ऑपरेशन चार दिवसांवर होतं. नाना खाली वाकले आणि त्यांनी दोन्ही तारा काढल्या. एखाद्यानं घरातली भिंत पाडावी तसे त्यांचे हात जड झाले होते. मग त्यांनी खोलीच्या मधोमध येऊन एक खणखणीत टाळी वाजवली, म्हणजे सुरुवात कुठली ते तिन्ही डब्यांत नोंदलं जावं, आणि गाणं सुरू झालं.

मी तशी गाणी पुष्कळ ऐकली आहेत. पण पाठीला पाठ लावून बसलेल्या दोन म्हाताऱ्या अकरा वर्षांनी एकमेकींना सवाल-जवाब करतायत, तोंडं विरुद्ध दिशांना आहेत आणि एकही शब्द चुकत नाही, हे मी पुन्हा पाहिलं नाही. पाऊण तास झाला. शेवटचं कडवं आलं. आणि घरातून कुकरची शिट्टी झाली. लांब, भरघोस, वरणाच्या वासासकट. नानांचे कान लाल झाले. पण गाणं थांबलं नाही. संपल्यावर थोरलीनं पदरानं डोळे पुसले आणि निघून गेली. शेवटची टाळी वाजवायचं नाना त्या गडबडीत विसरले.

काकूला ते जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. काकूनं उलट जे म्हटलं तेवढं लिहिते. "शिट्टी मोजीसन वाजाडाले हाई काय तुन्हा कारखाना शे का? भूक लागनी का कोनंच घर पाटी नही दखत."

दुपारी आम्ही गाणं ऐकायला बसलो. सुरुवात सुरेख होती. पंधरा मिनिटांनी मला वाटलं, खोली घुमतेय. अर्ध्या तासानं प्रत्येक बाईच्या मागे तिची एक सावली गात होती. आणि शेवटाकडे, थोरलीचं कडवं संपायच्या आधीच, पापणी लवावी इतकं आधी, धाकटीचा जवाब येत होता. दर कडव्याला. मी स्वतः तिथे बसले होते. धाकटीनं एकदाही घाई केली नव्हती. पण तारेविना तिन्ही डबे आपापल्या घड्याळानं चालले होते आणि धाकल्याचं घड्याळ कणभर वेगळं होतं. सेकंदाला काही नाही, पण पाऊण तासात ते कण साठत गेले.

नानांनी कानावरचे हेडफोन काढले. "म्याडम, अकरा वरीस पहिले जे भांडन व्हयनं, ते मन्हा मशीननी परत करं."

हे असं थोरलीच्या हाती द्यायचं म्हणजे, ऑपरेशनला जाता जाता तिला जुनी जखम पुडीत बांधून देण्यासारखं होतं. नाना कामाला बसले. धाकटीचा आवाज किती ताणायचा हे कळायला सुरुवातीची टाळी होती, पण शेवटाला खूण नव्हती. दोन दिवस ते चाचपडत होते. कधी थोरलीचा खोकला पकडत, कधी बांगड्या. तिसऱ्या दिवशी सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. काकू पोळ्या करत होती. मी चहाला खाली आले होते.

"तुन्ही शिट्टी सापडनी," नाना पुटपुटले. "तिन्ही डब्बासमा शे. तीन जागे. तेवरथीन जमी गयं."

एकच शिट्टी तीन डब्यांनी तीन वेगळ्या वेळी नोंदली होती. तिन्ही शिट्ट्या ओढून एकावर एक बसवल्या की अख्खं गाणं जागेवर येत होतं.

काकूनं पोळी उलटली. "काय? ऐकू नही उनं. म्याडमना फ्रिज बंद करीसन परत सांग."

नानांनी परत सांगितलं. मोठ्यानं.

गाणं बसलं. थोरली नाशिकला जायच्या आदल्या दिवशी ऐकायला आली. डोळे मिटून पूर्ण ऐकलं आणि म्हणाली, "चांगलं शे. पन मन्हा आवाज म्होरे ठेव." ती गेल्यावर तासाभरानं धाकटी आली. तिनंही ऐकलं. तीही म्हणाली, "मन्हा आवाज म्होरे ठेव."

इथे नानांनी ती गोष्ट केली जी त्यांना करायला नको होती, पण जी ते न करते तर ते नाना नसते. त्यांनी दोन गाणी बनवली. एकात थोरली पुढे, धाकटी जरा मागे. दुसऱ्यात उलट. दोघींना एकेक पेन ड्राइव्ह दिला आणि दोघींना तेच वाक्य सांगितलं, "तुमीच म्होरे शेतस, माय. मी काय बहिरा शे का?" मी म्हटलं, नाना, हे बाहेर येईल. ते म्हणाले, "दोनी घर समोरासमोर शेतस, पन बोलतस कोठे?"

थोरली नाशिकहून परत आली. गाठ गेली होती, आवाजही गेला होता. उरली होती ती फक्त कुजबूज. डॉक्टर म्हणाले, हळूहळू थोडा येईल. कोणी भेटायला आलं की थोरली हातानं बसायची खूण करायची.

श्रावणात कानबाई आली. रविवारी सकाळी गल्लीत घरोघरी नैवेद्याच्या रोटांसाठी गहू दळायची गडबड चालू होती. थोरलीच्या नातवानं ओट्यावर मोठा स्पीकर ठेवला आणि थोरलीनं खूण केल्यावर तिचं गाणं लावलं. यंदा ती गाऊ शकत नव्हती, तर निदान तिचा आवाज तरी कानबाईपर्यंत जावा. तो आवाज गल्लीत घुमला आणि बायका हातातलं काम ठेवून बाहेर आल्या. धाकटीही आली. क्षणभर उभी राहिली, आत गेली आणि तिनंही आपला स्पीकर बाहेर आणला.

दोन्ही गाणी एकाच वेळी सुरू झाली नव्हती, हे सांगायला नको. थोरलीचा सवाल इकडून आला की तोच सवाल दोन मिनिटांनी तिकडून यायचा, मध्ये धाकटीचा जवाब घुसायचा. कोणी कोणाचं कडवं तोडलं हे ब्रह्मदेवाला सांगता आलं नसतं. कुत्री भुंकायला लागली. बायका कानांवर हात ठेवून हसत होत्या. हसल्या नाहीत त्या दोघीच. त्या ऐकत होत्या. इकडच्या स्पीकरवर थोरली मोठी, तिकडच्या स्पीकरवर धाकटी मोठी. दोघींनी जवळजवळ एकाच वेळी मान वळवली. आमच्या घराकडे.

नाना ओट्यावर उभे होते. इतक्या चपळाईनं आत जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मागच्या खोलीचं दार लागलं. दारावर पाटी होतीच.

दोघी शेजारी शेजारी चालत आल्या, मागोमाग सगळी गल्ली. धाकटीनं पाटी वाचली आणि दारावर थाप मारली. थोरली पुढे झाली आणि बोलायला लागली. ओठ रागानं हलत होते, मानेच्या शिरा ताठल्या होत्या, पण बाहेर फक्त हवा येत होती. ती एकदम थांबली. तिचं तिलाच कळलं. गल्लीतलं हसू विरून गेलं.

धाकटीनं तिच्याकडे पाहिलं. मग तिनं आपला कान थोरलीच्या तोंडाशी नेला. ऐकलं. सरळ झाली आणि दाराकडे तोंड करून खच्चून ओरडली, "ती म्हनी ऱ्हायनी, तुले लाज नही वाटत का? दोन म्हातारीसले फसाडस?" पुन्हा कान नेला. "ती म्हनी ऱ्हायनी, तुन्हा तिन्ही डब्बा तापीमा टाकी देवूत!" पुन्हा कान. या वेळी जरा वेळ लागला. धाकटीचा चेहरा बदलला. ती हळू म्हणाली, "हाई मी तेले नही सांगनार." आणि दोघींना हसू फुटलं. एकीचा आवाज गल्लीभर गेला, दुसरीचे नुसते खांदे हलले.

नानांनी दार उघडलं. कान पकडले. काकूनं मागून सांगितलं, "जोरमा धर."

दुपारी थोरलीच्या घरी कानबाईसमोर गाणं झालं. माइक नव्हता, डबा नव्हता. दोघी या वेळी एकमेकींकडे तोंड करून बसल्या. सवाल थोरलीचाच होता. ती तो धाकटीच्या कानात कुजबुजायची, धाकटी तो मोठ्यानं म्हणायची आणि मग जवाबही तीच द्यायची. कुजबूज पूर्ण संपेपर्यंत ती तोंड उघडत नव्हती. कधी थोरलीला दम लागायचा, मध्येच थांबावं लागायचं, आणि खोलीभर बायका तोवर श्वास धरून बसायच्या. गाणं पाऊण तासाचं होतं, ते दीड तास चाललं.

नाना दारात उंबऱ्याशी उभे होते. मी त्यांच्या मागे होते, काकू माझ्या मागे. मी हळूच विचारलं, "नाना, माइक आणू का? हे तर पुन्हा मिळायचं नाही."

"ऱ्हाऊ द्या, म्याडम," ते म्हणाले. "आज मी ऐकाले उनू शे."

मागून काकू माझ्या कानाशी आली. "चाळीस वरीस व्हयनात," ती म्हणाली, "पहिल्यांदा या मानूसनी काही दुरुस्त न करता ऐकं." ती कुजबुजली होती, पण तिची कुजबूज म्हणजे दुसऱ्याचं बोलणं. पुढच्या दोन बायकांनी वळून पाहिलं.

नाना वळले नाहीत. त्यांनी फक्त एक हात मागे नेला आणि तळव्यानं खूण केली, गप ऱ्हा. आणि काकू, जिला मी त्या घरात एवढ्या वर्षांत त्यांचं एकही ऐकताना पाहिलं नव्हतं, मुकाट्यानं गप्प झाली.